कानवालीची संध्याकाळ

तिला सगळे कानवाली म्हणायचे. ती कुणाचे कान भरायची म्हणून नव्हे, त्या बाबतीत तिच्याइतकी निरुपद्रवी बाई शोधून सापडली नसती. ती कपांना कान लावायची. कपबशांच्या त्या लहानशा कारखान्यात चाकावरून उतरणारा कप बिनकानाचा असे, नुसताच गोल, आणि कानवालीच्या पाटावर आल्यावर त्याला धरायची सोय व्हायची. साच्यातून काढलेला मातीचा कान घ्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांना पातळ मातीचं बोट लावायचं, कपाला टेकवून हलका दाब द्यायचा आणि ओला ब्रश एकदा फिरवायचा. बघणाऱ्याला वाटे, यात काय मोठंसं? तोच बघणारा करायला बसला की कान कपाऐवजी त्याच्या बोटांना चिकटत.

खरी गोम ओलीत होती. कपाची ओल आणि कानाची ओल सारखी हवी. कप सुकलेला आणि कान ओला असला तर लावताना काही कळत नाही. पुढे वाळताना कान आक्रसतो, कप जागचा हलत नाही, आणि सांध्यात केसाएवढी चीर पडते. भट्टीची आच लागली की त्या चिरेचं पितळ उघडं पडतं. कानवाली ही ओल गालाने ओळखायची. प्रत्येक कप उचलून क्षणभर गालाला टेकवायची आणि मगच कान हातात घ्यायची.

"आमची वहिनी इथं कपांचे मुके घेते, आणि दादा बिचारा भट्टीपाशी भाजून निघतो," असं चाकावर बसणारी तिची नणंद भर पाळीत मोठ्याने म्हणे. नणंदेची जीभ तिच्या चाकापेक्षा जोरात फिरायची. बायका हसायच्या, कानवालीही हसायची. हसून झाल्यावर मात्र थोडा वेळ तिचा हात हळू चालायचा.

दादा म्हणजे कानवालीचे यजमान. कारखान्यातल्या दोन्ही विजेच्या भट्ट्या त्यांच्या ताब्यात होत्या, म्हणून त्यांना सगळे भट्टीवाले म्हणत. आणि भट्ट्या ज्याच्या ताब्यात, त्याच्याच गळ्यात विजेचा सगळा कारभार पडला होता. कारखान्याला मिळणारी वीज ठरावीक होती. भट्ट्या, चाकं, माती मळायचं यंत्र आणि वाळवणीच्या खोलीतले पंखे हे सगळं एकदम चालवलं तर लोड झेपत नसे. वाढीव लोड मागून पाहिला होता, पण रस्त्यावरची तारच बदलायला हवी म्हणून तो अर्ज वर्षानुवर्षं कुठेतरी धूळ खात पडला होता.

भिंतीवरच्या मीटरला दोन काटे होते, एक काळा आणि एक लाल. काळा काटा वर जाताना लाल काट्याला पुढे ढकलत न्यायचा आणि खाली येताना त्याला तिथेच सोडून यायचा. महिन्यातून एकदा, घटकाभर का होईना, मर्यादा ओलांडली की लाल काटा तिथेच बोट रोखून उभा राही आणि त्या महिन्याच्या बिलात दंड येई. त्या लाल काट्याला कारखान्यात सासूबाई म्हणत. एकदा चुकलात की महिनाभर तेच ऐकायचं! "सासूबाई कुठवर आल्या?" असं मालक रोज सकाळी विचारत, आणि भट्टीवाले छाती पुढे काढून सांगत, "आहेत तिथेच आहेत."

हे छाती काढणं त्यांनी कमावलेलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी वीज कंपनीने रात्रीची वीज स्वस्त केली तेव्हा मालकांना काही सुचेना. भट्टीवाल्यांनी खडू घेतला आणि भट्टीच्या लोखंडी दारावर दिवसाचे तुकडे पाडून दाखवले. दिवसा चाकं आणि पंखे, रात्री भट्ट्या. दोघांची गाठ पडायचीच नाही, मग सासूबाई वर जातील कशाला? मालकांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. घरी येऊन त्यांनी ही हकिगत बायकोला रंगवून रंगवून सांगितली. तिने सगळी ऐकली आणि विचारलं, "आणि रात्री भट्टीपाशी कोण बसणार?"

"मीच. दुसरं आहे कोण?" ते त्याच आनंदात म्हणाले.

"बरं," ती म्हणाली.

त्या एका 'बरं'वर त्यांच्या संसाराची बरीच वर्षं निघाली. मुलगी लहान होती तोवर तिला त्यात सोयही दिसली. दिवसा बाप घरात, रात्री आई घरात, पोर कधी एकटी पडली नाही. मग मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली, आणि घरात बोलायला उरली ती फक्त भिंत. कानवाली संध्याकाळी घरी यायची तेव्हा भट्टीवाले जागे होऊन, तोंड धुऊन, चपलेत पाय घालत असायचे. सकाळी ती कामावर निघायची तेव्हा ते परतत असायचे. कारखान्याच्या फाटकापाशी दोघांची गाठ पडे. "आमटी गरम करून घ्या," ती म्हणे. "वरची टाकी भरलीय का?" ते विचारत. भोंगा वाजला की ती आत आणि ते बाहेर.

सुट्टीच्या दिवशी भट्ट्या बंद असत, पण त्याचा उपयोग नव्हता. भट्टीवाल्यांच्या शरीराला सुट्टी कळत नसे. दुपारभर ते जागं राहायची खटपट करत, पंख्याखाली खुर्चीत ताठ बसत, आणि उन्हं उतरायला लागली की तिथेच मान टाकत. कानवाली उंबऱ्यात येऊन बसे. समोर शिंप्याचं घर होतं. शिंपी आणि शिंपीण रोज संध्याकाळी न चुकता भांडत, कात्रीवरून, दिव्यावरून, काहीच नसलं तर हवेवरून. सगळ्या गल्लीला त्याचा वैताग होता. कानवाली मात्र ते मन लावून ऐकायची आणि तिला त्या शिंपिणीचा हेवा वाटायचा. भांडायलासुद्धा समोर जागा माणूस लागतो.

तिला दागिना नको होता, गाव बघायचं नव्हतं. तिला संध्याकाळ हवी होती. दिवसाचं काम संपलंय आणि रात्रीचा स्वयंपाक अजून व्हायचाय, अशा मधल्या वेळी नवरा शेजारी बसलेला हवा होता, काही बोलला नाही तरी चालेल. ही गोष्ट मागायची कुणाकडे, हेच तिला कळत नव्हतं. वीज कंपनीकडे तर मागता येत नाही.

आणि नेमकी ती वीज कंपनीकडूनच आली. एके दिवशी मालक हातवारे करत चाकांच्या खोलीत शिरले. आता म्हणे उन्हावर वीज तयार होते, त्यामुळे दिवसाची वीज सगळ्यात स्वस्त. रात्रीचा जुना दर गेला. "भट्ट्या दिवसा पेटवायच्या!" मालक म्हणाले. कानवालीच्या हातातला कान वाकडा बसला. तिने तो मुकाट्याने काढून पुन्हा लावला.

दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्यांनी पुन्हा खडू घेतला. लोखंडी दारापाशी सगळे जमले. भट्ट्या सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत, त्यांवर भट्टीवाले आणि अलीकडे त्यांच्या हाताखाली आलेला जोडीदार. मग चाकं, यंत्र आणि पंखे कधी? दिवसा दोन्ही एकत्र चालणं शक्य नव्हतं, सासूबाई बसल्याच होत्या. संध्याकाळची वीज महाग खरी, पण चाकं ती खाणार कितीशी? भट्टीपुढे चिमणीच्या चोचीएवढी. म्हणून चाकांची सगळी पाळी संध्याकाळी. माना डोलल्या. कानवाली त्या खडूच्या रेघांकडे बघत उभी राहिली. कप चाकावरून उतरला की लगेच कान लागायला हवा. चाकं संध्याकाळी, म्हणजे तीही संध्याकाळी. नवरा घरी यायच्या वेळेला तिने चपला घालायच्या. एवढं सगळं उलटंपालटं होऊन त्यांची गाठ पुन्हा फाटकापाशीच.

सगळे पांगल्यावर ती म्हणाली, "अहो, म्हणजे तुम्ही याल तेव्हा मी निघणार."

भट्टीवाल्यांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. खडू बोटांत फिरवता फिरवता ते एकदम म्हणाले, "पण कान लावायला वीज कुठे लागते? एक दिवा पुरतो. संध्याकाळी झालेले कप ओल्या फडक्याखाली ठेवायचे, सकाळी तुम्ही तिघींनी कान लावायचे. तुमचा विभाग दिवसाच राहू दे."

ते तडक मालकांकडे गेले. मालकांना हरकत नव्हती, पण माणूस सावध होता. तो खाली आला आणि सगळ्यांसमोर त्याने विचारलं, "कानवालीबाई, तुम्ही सांगा. रात्रभर ठेवलेल्या कपाला कान राहील?"

नाही राहणार. हे तिला विचार न करता माहीत होतं. चाकांच्या खोलीची मागची भिंत भट्टीला लागून होती. दिवसा तापलेली भट्टी रात्रभर निवत राहणार, त्या धगीने फडकी पहाटेच्या आत खडखडीत होणार आणि कपाची कड सुकणार. वरून प्लॅस्टिक घालावं तर आतल्या घामाने कप मऊ पडून खाली बसणार. हे तिच्यासारखं तिच्या नणंदेलाही माहीत होतं. नणंद चाकावरून तिच्याकडेच बघत होती आणि जन्मात पहिल्यांदा गप्प होती.

"राहील," कानवाली म्हणाली.

पुढचे काही दिवस तिच्या आयुष्यात कुणी नजर लावू नये असे गेले. पहिल्या संध्याकाळी भट्टीवाले अंघोळ करून उंबऱ्यात तिच्याशेजारी येऊन बसले, परक्या घरी आल्यासारखे गुडघे जुळवून. बराच वेळ समोर बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता काय करायचं असतं?"

तिला इतकं हसू आलं की शिंपी-शिंपिणीने भांडण थांबवून इकडे पाहिलं. "काही नाही," ती म्हणाली. "हेच."

मग दोघं कोपऱ्यापर्यंत चालून आली. दुसऱ्या दिवशी जरा लांब गेली. एका संध्याकाळी चहात साखर कमी पडल्यावरून त्यांची चांगली जुंपली. ती तावातावाने बोलत होती आणि आतून तिला उकळ्या फुटत होत्या. शिंपिणीला ऐकू जावं म्हणून तिने आवाज थोडा चढवलासुद्धा.

पण सकाळ झाली की तिचा चेहरा उतरायचा. फडकं उचलायची तो खालचे कप कडेने पांढुरके पडलेले. गालाला लावला की कप बोलायचा, मी कोरडा आहे. ती पाणी शिंपडायची, कड ओली करायची, कान आधीच सुकवून ठेवायची, येत असेल नसेल ती सगळी युक्ती करून पाहायची. फळ्यांवर वाळणाऱ्या कपांत तिला चिरा दिसू लागल्या. सांध्यावर केस चिकटल्यासारख्या बारीक. तेव्हा तिने तिच्या हातांनी कधी न केलेलं काम केलं. पातळ मातीत ब्रश बुडवून चिरा लिंपून टाकल्या. वरून सगळं गुळगुळीत दिसू लागलं. तिच्याबरोबरच्या दोघी कान लावणाऱ्यांनी ते पाहिलं आणि कानाडोळा केला. तिला त्यांच्यासमोर लाज वाटली, कपांसमोर त्याहून जास्त. पण संध्याकाळ झाली की उंबऱ्यात ते शेजारी बसत आणि तिला वाटे, आज तरी नको, भट्टी उघडायला अजून वेळ आहे.

भट्टी उघडायची ती उघडलीच. सकाळी कानवाली पाटावर बसली होती, बरोबरीच्या दोघी चहाला गेल्या होत्या. भट्टीवाले आत आले. त्यांच्या हातात फळी होती, फळीवर भाजलेले कप, आणि प्रत्येक कपाच्या पायाशी त्याचा कान पडलेला. त्यांनी फळी तिच्यासमोर ठेवली. तिने मान वर केली नाही.

"अर्धीअधिक भट्टी अशीच आहे," ते म्हणाले. "सांधे कोरडे होते."

"हो."

"वरून लिंपलेत."

"मीच लिंपले."

"तुझ्या हातचा एक कान आजवर पडला नाही. लोक चहा पिऊन पिऊन मेले असतील, पण कान राहिले." त्यांचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "तुला माहीत होतं. मालकांनी विचारलं तेव्हाच माहीत होतं."

"माहीत होतं."

"मग का गं?"

ती इतकी वर्षं हे बोलायला शिकलीच नव्हती, त्यामुळे ते सरळच बाहेर पडलं. "मला तुमच्याजवळ बसायचं होतं. घरात एकटीने दिवा लावायचा आणि दुसऱ्यांचं भांडण ऐकायचं, याचा मला कंटाळा आलाय. कंटाळा नाही, मला रडू येतं. थोडे दिवस मिळाले तर मिळाले, म्हणून खोटं बोलले."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. खडू तुमच्या हातात होता."

भट्टीवाले फळीवरचा एक पडलेला कान उचलून बघत राहिले. तो कुठेच बसवता येणार नव्हता. मग त्यांनी तो परत ठेवला आणि निघून गेले.

कानवाली हात धुऊन स्वतःच मालकांकडे गेली. म्हणाली, मी चुकीचं सांगितलं, कान ताज्या कपालाच लागतो, उद्यापासून आम्ही तिघी संध्याकाळी येऊ. मालकांनी डोक्याला हात लावला, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि तिच्या इतक्या वर्षांच्या कामाकडे बघून बोलायचं ते गिळलं. त्यांनी ओरडायला हवं होतं. तिला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी भट्टीवाले घरी उशिरा आले आणि जेवून भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना ती कामावर निघाली. वाटेत तिने ठरवलं होतं, फाटकापाशी भेटले की निदान आमटीचं सांगायचं. भोंगा वाजला. दिवसपाळीची माणसं बाहेर पडली, भट्टीवरचा जोडीदारही गेला, पण ते आले नाहीत. ती रेंगाळली, चपलेचा पट्टा उगाच काढून लावला. शेवटी आत गेली. दुसऱ्या दाराने गेले असतील. रागावले असतील तर त्यांचं चुकलंही नाही. आता फाटकापाशी भेटायचंही संपलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला पायरी नीट दिसेना.

ती पाटावर बसली. चाकं सुरू झाली. पहिला कप तिने गालाला लावला. थंड होता, हवा तेवढा ओला होता, आणि कान असा बसला की जणू कपाबरोबरच जन्मला असावा. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. हात मातीचे, पुसणार कशाने? म्हणून तिने ते तसंच वाहू दिलं आणि पुढचा कप घेतला.

"दादा, अरे सरळ धर! कप आहेत ते, विटा नाहीत!" चाकाकडून नणंदेचा आवाज आला.

कानवालीने वर पाहिलं. ओल्या कपांची लांब फळी दोन्ही हातांत धरून, श्वास रोखून, एकेक पाऊल टाकत भट्टीवाले येत होते. चाकापासून तिच्या पाटापर्यंत फळ्या वाहायचं काम कारखान्यात सगळ्यात खालचं, नवा माणूस आला की त्याला देत. त्यांनी फळी तिच्यासमोर टेकवली. दोन कप कलंडले होते.

"भट्टी?" तिने विचारलं.

"जोडीदाराला दिली. त्याला सगळं येतं. आता भट्टी दिवसा पेटवायची, रात्र थोडीच जागायचीय?" ते कपाळ पुसत म्हणाले. "मालक म्हणाले, वेड लागलं का? मी म्हटलं, हो."

"लोक हसतील."

"तुझ्या नणंदेने सुरुवात केलीय."

"इतकी वर्षं तुम्हाला भट्टीवाले म्हणतात सगळे."

"आता कानवालीचा नवरा म्हणतील." ते जरा थांबले. "खडूने करून पाहिलं गं मी काल. दारासमोर बसून सगळं पुसलं, पुन्हा मांडलं. कसंही फिरवलं तरी आपण दोघं खडूच्या एका घरात येतच नव्हतो. मग म्हटलं, मलाच उचलून इकडे ठेवावं."

तिला खूप बोलायचं होतं. मुलीचं बोलायचं होतं, गेल्या पावसाळ्यात ती स्वतः रात्रभर एकटी तापाने पडली होती ते सांगायचं होतं, आणखी कितीतरी होतं. त्यातलं काहीच तोंडाशी येईना. "जेवलात का?" तिने विचारलं.

"नाही."

"डबा आहे. दोघांना पुरेल."

ते मान हलवून तिथेच उभे राहिले, रिकामी झालेली दुसरी फळी छातीशी धरून, ती एकेक कप गालाला लावते ते बघत. हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्यापर्यंत कप यायचा तो कान लागून, वाळून.

चाकापाशी कप साठायला लागले. "दादा, फळी!" नणंद ओरडली. "कुठे अडकलास?"

"आलो!" ते म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.